टेकून बसण्याचा भार

भिंगरीला एका जागी बसवण्याचे प्रयत्न तिच्या घरच्यांनी ती रांगायला लागल्यापासून सुरू केले आणि ती नोकरीला लागल्यावर सोडून दिले. तिचं खरं नाव वेगळंच होतं, पण ते आता फक्त पगाराच्या कागदावर उरलं होतं. ऑफिसातल्या तिच्या खुर्चीला चाकं होती. सकाळी खिडकीपाशी असलेली ती खुर्ची संध्याकाळपर्यंत तिच्यासकट दारापाशी पोहोचलेली असे, आणि मधल्या काळात ती सरकताना कुणीही पाहिलेली नसे.

काम मात्र बसूनच करायचं होतं. एखादी वस्तू घ्यायची, म्हणजे बटाट्यांचं पोतं, सुती मोजे, अंड्यांचा ट्रे, आणि ती जन्माला येईपर्यंत पृथ्वीला किती त्रास झाला ते काढायचं. खत कुठून आलं, पाणी किती लागलं, ट्रॅक्टर किती डिझेल प्यायला, ओढ्यात काय वाहून गेलं. शेवटी हाती एक आकडा यायचा. लोकांना वाटे, ही मुलगी पृथ्वी वाचवते. प्रत्यक्षात ती तक्ते भरायची आणि पाय हलवायची.

मुळात अस्वस्थ असलेल्या माणसाने हे काम करू नये, हे तिला आधी कुणी सांगितलं नव्हतं. आता तिला ब्रेडवर लोणी लावताना लोण्याचं, सुरीचं आणि खिडकीतून येणाऱ्या उन्हाचंही गणित सुचायचं. एका मैत्रिणीच्या वाढदिवसाला केक कापताना तिने केकचा आकडा सांगितला. मैत्रिणीने पुढच्या वर्षीपासून वाढदिवसच बंद केला. तेवढाच पृथ्वीचा फायदा.

अशात डेअरीचं काम आलं. डेअरीला दुधाच्या पिशवीवर, या दुधाने पृथ्वीला कमी त्रास होतो, असं सांगणारा हिरवा ठिपका छापायचा होता. त्यासाठी दूध घालणाऱ्या प्रत्येक गोठ्याचा लिटरमागे आकडा काढायचा. एक रेषा ठरली होती. रेषेखाली असेल त्याचं दूध चालू, वर असेल त्याचं बंद. गोठ्यांची वाटणी झाली आणि भिंगरीच्या वाट्याला तिच्या सख्ख्या ताईचा गोठा आला.

ऑफिसचा नियम सरळ होता: नात्यातल्या माणसाचं मोजायचं नाही. भिंगरी तडक मोठ्या मॅडमच्या केबिनमध्ये गेली. मॅडम फोनवर होत्या. त्यांनी हातानेच "बस" अशी खूण केली. भिंगरी बसली, उठली, कॅलेंडर सरळ केलं, कुंडीतलं पिकलं पान तोडलं, मग न पिकलेलंही तोडलं आणि बाहेर आली. नंतर सांगू, मनाशी म्हणाली. बसवलं नाही म्हणून सांगायचं राहिलं, इतकं साधं कारण होतं. पण साधं कारण नंतर कुणाला पटत नाही.

आणि खरं म्हणजे तिला वाटलं, ताईचा आकडा काय, खालीच असणार. ताई चारा स्वतः पिकवायची. पेंड बेताची. गोठा असा स्वच्छ, की भाऊजी आत जाताना पाय पुसायचे.

पहिल्या भेटीतच घोळ लक्षात आला. गोठ्याच्या अर्ध्या भागात दुभत्या गायी होत्या. उरलेल्या अर्ध्यात ज्या उभ्या, बसल्या आणि लवंडल्या होत्या, त्यांच्याकडे बघून भिंगरीने विचारलं, "या किती दूध देतात?"

"देत नाहीत," ताई म्हणाली.

"म्हणजे भाकड?"

"भाकड नाही म्हणायचं. निवृत्त म्हणायचं."

"मग यांचं काय करतेस तू?"

"काय करायचंय? त्या असतात."

मागून भाऊजींनी खाकरून घेतलं. भाऊजी हा शांत माणूस होता. त्यांचं मत असलं की त्यांना खोकला यायचा. "मेहुणीबाई, मी केव्हाचा सांगतोय," ते म्हणाले, "खाटकाला नको, पण कुणाला तरी देऊन टाकू. ही ऐकते का?"

"तुम्हीसुद्धा हल्ली काही देत नाही," ताई म्हणाली. "दिलं का मी कुणाला?"

भाऊजींचा खोकला थांबला.

निवृत्त गायींत सगळ्यात म्हातारी होती हेडबाई. गृहपाठ न करता आल्यासारखं ती सगळ्यांकडे बघायची, म्हणून हे नाव. तिने भिंगरीकडे तसंच बघितलं आणि एक लांबलचक ढेकर दिला. इतरांसाठी तो ढेकर होता. तिच्यासाठी तो मिथेन होता, हवा तापवणारा वायू, आणि तो जाऊन बसत होता ताईच्या दुधावर. रवंथ करणारं जनावर दूध देवो न देवो, ढेकर देतंच. चारा दोघींना, दूध एकीचं. अर्ध्या गोठ्याच्या दुधाच्या डोक्यावर सगळ्या गोठ्याचे ढेकर.

स्वयंपाकघरात ओट्याला टेकून, मग दाराला टेकून, मग फ्रिजला टेकून तिने हिशोब केला. आकडा रेषेच्या वर होता. थोडाथोडका नाही, ऐटीत वर होता.

"मग खाली आण ना," ताई म्हणाली. जणू माळ्यावरचा डबा.

"असा आणता येत नाही, ताई."

"या गेल्या तर येईल?"

भिंगरीने फ्रिजचं दार उघडलं, आत बघितलं, बंद केलं. "येईल."

ताई पुसलेलाच ओटा पुन्हा पुसू लागली. "या गायींच्या दुधावर मी हे घर उभं केलं. तेव्हा कुणी ढेकर मोजले नाहीत. आता पाय थकले तर ट्रकात चढवू? नाही जमणार."

"आणि डेअरीने दूध बंद केलं तर?"

"म्हणून तर तुला शिकवलं ना घरच्यांनी! काहीतरी वाट असेलच."

इथे भिंगरीने ती चूक केली, जी तिच्या धंद्यातलं माणूसच करू शकतं. तिने पद्धत समजावून सांगितली. गोठ्यातून नुसतं दूधच विकलं जात नसेल, आणखीही काही विकलं जात असेल, तर त्रासाचा सगळा भार त्या सगळ्यांत वाटायचा. ज्याची किंमत जास्त, त्याच्या डोक्यावर जास्त भार.

"म्हणजे भावाभावांची वाटणी असते तशी."

"तशीच. फक्त इथे कुणी कोर्टात जात नाही."

"शेणखत?"

"ते तू शेजाऱ्यांना फुकट देतेस. फुकट वस्तूवर भार टाकता येत नाही."

"हं," ताई म्हणाली. ताई "हं" म्हणाली की घरात आजवर काही ना काही घडलेलं होतं. एकदा भिंत पडली होती, एकदा भाऊजींशी लग्न ठरलं होतं.

थोड्याच दिवसांत ताईचा फोन आला. "ये बघायला. तुझी वाटणी केलीय."

गोठ्याच्या फाटकावर पाटी होती: "गायीला टेकून बसा. तासावर. बोलणे मना." आत निवृत्त गायी गवतावर पसरल्या होत्या आणि प्रत्येकीच्या पोटाला टेकून एकेक माणूस बसलं होतं. एक विमा एजंट होता. एक दातांची डॉक्टरीण होती, ती डोळे मिटून आ वासून बसली होती. लग्नाचे फोटो काढणारा एक जण होता. त्याने आयुष्यात पहिल्यांदा कुणाला "हसा" म्हटलं नव्हतं. हेडबाईला टेकायला वेगळी रांग होती. तिच्या पोटात रवंथाची जी गुरगुर चाले ती म्हणे थेट मणक्यात उतरते.

"तासाचं किती घेतेस?" भिंगरीने विचारलं.

ताईने कानात सांगितलं.

"ताई! हे दुधापेक्षा कितीतरी जास्त झालं!"

"तूच म्हणालीस, ज्याची किंमत जास्त त्याच्या डोक्यावर जास्त. मग कमी कशाला लावू?"

भाऊजी पावत्या फाडत होते. त्यांचा खोकला पार गेला होता. "बँकेतला एक साहेब रोज येतो," ते कौतुकाने म्हणाले. "काल झोपला. उठवलं तर म्हणतो, आई, पाच मिनिटं."

भिंगरीने पुन्हा हिशोब केला. गोठ्याचा बहुतेक भार आता टेकून बसण्यावर गेला होता, आणि दूध धुतल्या तांदळासारखं झालं होतं. आकडा रेषेखाली, आणि नियमाच्या एकाही अक्षराला धक्का नाही. तिला आनंद व्हायला हवा होता. ती आनंदाने फाटकाबाहेर गेली आणि तिथे गाड्या पाहिल्या.

गाड्या फाटकापासून वळणापर्यंत लागल्या होत्या. काहींची इंजिनं चालूच होती, कारण आत ड्रायव्हर गारव्याला बसले होते. टेकायला येणारं प्रत्येक माणूस शहरातून वेगळ्या गाडीत बसून येत होतं, तासभर शांत होत होतं आणि गाडीत बसून परत जात होतं. हा सगळा धूर टेकून बसण्याच्या खात्यावर. आणि टेकून बसण्याचा आकडा जगात कुणीही मागितला नव्हता. हेडबाई पूर्वीइतकेच ढेकर देत होती, वर आता गाड्याही ढेकर देत होत्या, आणि कागदावर पृथ्वी सुधारली होती.

भिंगरी त्या रस्त्यावर वळणापर्यंत गेली, परत आली, पुन्हा गेली. एका ड्रायव्हरने काच खाली करून विचारलं, "ताई, काही हरवलंय का?"

"नाही," ती म्हणाली. "सापडलंय."

रिपोर्ट तिने तरीही दिला. का दिला, तर ताईचा ओटा पुसणारा हात तिच्या डोळ्यांपुढून हलेना. दिल्यापासून तिची झोप गेली, भूक गेली, आणि खुर्ची आता दुपारीच दाराशी पोहोचू लागली. मोठ्या मॅडमनी रिपोर्ट वाचला. त्यांचा चेहरा हलत नसे. ऑफिसात कुणी त्यांना शिंकतानासुद्धा पाहिलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "टेकून बसणे. नवीन आहे." आणि बाहेरचा तपासनीस बोलावला.

तपासनीस सडपातळ, वयस्कर आणि अतिशय सभ्य गृहस्थ होते. ते भिंगरीला घेऊनच गोठ्यावर आले. आदल्या दिवशी भिंगरीने ताईला बजावलं होतं, अनोळखी असल्यासारखं वाग. त्यामुळे ताईने दार उघडताच हात जोडले आणि म्हणाली, "या मॅडम. आपण कधी भेटलो नाही."

भाऊजी आणखी पुढे गेले. "मॅडम, तुम्ही अगदी अनोळखी वाटता," ते म्हणाले.

तपासनिसांनी मान डोलावली आणि कामाला लागले. त्या दिवशी टेकायला येणाऱ्यांना सुटी दिली होती. गायी बघून झाल्या, चारा बघून झाला, शेणखड्डा बघून झाला. मग ते हेडबाईसमोर थांबले.

"दुधावरचा भार कमी झालाय तो या सेवेमुळे," ते म्हणाले. "तेव्हा सेवा खरी हवी. नुसती पाटी लावून भार हलवता येत नाही. तुम्ही लिहिलंय, एका माणसाची एका तासाची शांतता. बरोबर?"

"बरोबर," भिंगरी म्हणाली. हे तिनेच लिहिलं होतं. वस्तू लिटरमध्ये, किलोमध्ये मोजतात. शांततेला दुसरं माप तिला सुचलं नव्हतं.

"मग बघू. मी स्वतः बसलो असतो, पण माझे गुडघे राजीनामा देऊन बसलेत. खाली गेलो तर तुम्हाला मला इथेच सांभाळावं लागेल, यांच्यासारखं."

"मी बसतो की!" भाऊजी पुढे सरसावले.

"तुम्ही मालक. तुम्हाला शांत वाटणारच. कुणीतरी त्रयस्थ हवं." त्यांनी भिंगरीकडे बघितलं. "तुम्ही बसा."

गोठ्यात एकदम शांतता झाली, पण ती मोजण्यासारखी नव्हती. ताईच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. सगळ्या जगातून निवडून निवडून माणूस निवडलं ते हे! हिला शाळेच्या फोटोत उभं केलं तेव्हा फोटोत नुसता एक पुसट पट्टा आला होता.

भिंगरी गवतावर बसली. पाठ हेडबाईच्या पोटाला लावली. ऊब होती. आत खोल कुठेतरी जड सामान सरकवल्यासारखी गुरगुर होती. त्रयस्थ, तिच्या मनात आलं, आणि उजवा पाय हलायला लागला. तिने तो डाव्या पायाखाली दाबला. डावा हलायला लागला. तपासनिसांनी घड्याळ बघितलं. तिने डोळे मिटले, तर मिटल्या डोळ्यांपुढे गाड्यांची रांग वळणापर्यंत. तिने डोळे उघडले, तर समोर ताई, दोन्ही मुठी आवळून, जणू ती स्वतःच श्वास धरून बहिणीला शांत करणार होती. आता भिंगरीचे खांदेही हलायला लागले. हेडबाईने मान वळवून, गृहपाठ कुठाय, असं बघितलं.

ताईला राहवलं नाही. "भिंगरे, पाय हलवू नकोस!"

तपासनिसांनी वर बघितलं. "काय म्हणालात?"

"गायीला म्हणाले," ताई म्हणाली. "गायीचं नाव भिंगरी."

"तुम्ही मघाशी हेडबाई सांगितलंत."

"ते आडनाव," भाऊजी म्हणाले.

तपासनीस सभ्यपणे हे लिहून घेऊ लागले. गायीचं नाव, गायीचं आडनाव. ते खरोखर लिहितायत हे बघून भिंगरीच्या आत काहीतरी तुटलं. त्या माणसाच्या स्वच्छ अक्षरात ते खोटं फार वाईट दिसत होतं.

"साहेब, ते खोडा," ती म्हणाली. "भिंगरी मी आहे. ही माझी सख्खी ताई. मी त्रयस्थ नाही, अजिबात नाही. आणि बाहेर रोज गाड्या लागतात, त्या हिशोबात कुठेच नाहीत. दुधाचा आकडा नियमाने बरोबर आहे. पण पृथ्वीला विचारलं तर ती म्हणेल, आधीचंच बरं होतं."

"अगं ए!" ताई ओरडली. "घरचं माणूस आहेस की डेअरीचं?"

"दोन्हीकडून मेलेय मी, ताई!"

"मग गप्प बसायचं होतंस! एवढं एकदा आयुष्यात गप्प बसायचं होतंस!"

"नाही बसता येत मला! तुला माहीत नाही का?"

भाऊजी मध्ये पडले. ते काय म्हणाले ते कुणालाच ऐकू आलं नाही, कारण आता दुभत्या गायीही हंबरायला लागल्या होत्या. या गोंधळात हेडबाईने पुढचे पाय गोळा केले, एक मोठा सुस्कारा सोडला आणि ती उठली. भिंगरी पाठीवर आडवी झाली. हेडबाई तिला ओलांडून, फाटकातून बाहेर, सावकाश निघून गेली.

तपासनिसांनी लिहिलं: "सेवा मध्येच उठून गेली."

मग त्यांनी वही मिटली आणि खेदाने सांगितलं की रिपोर्ट रद्द होईल, नवीन माणूस येऊन नव्याने मोजेल, पण टेकून बसणं काही धरता येणार नाही. "भार शेवटी दुधावरच येईल," ते म्हणाले. "रेषेखाली यायचं असेल, तर गोठ्यात कोण राहील ते तुम्हाला ठरवावं लागेल."

ते गेल्यावर हेडबाईला परत आणायला तिघं निघाली. ती ओढ्याकाठी उभी होती, कुठेही जायचं नसल्यासारखी. ताईनेच विचारलं, समोर बघत, "यांना ठेवून काहीच करता येणार नाही? खरं सांग. मोजून सांग."

"शेणखड्डा झाकता येईल. चारा बदलता येईल. थोडं खाली येईल."

"थोडं म्हणजे रेषेखाली?"

"नाही, ताई."

"बरं," ताई म्हणाली. तिने हेडबाईच्या पाठीवरची माशी उडवली. "मग राहू दे त्यांचा ठिपका त्यांच्यापाशी. खड्डा उद्या झाकू. आणि ती पाटी काढा हो, गाड्या नकोत दारात."

भाऊजींना खोकला आला. सगळ्या वाट बघत राहिल्या. पण ते एवढंच म्हणाले, "बँकेतल्या साहेबाला इकडे कुठली बस येते ते सांगू का?"

पुढे नवीन माणूस आला, मोजून गेला, आणि डेअरीचा टँकर एका सकाळी फाटकासमोरून न थांबता गेला. ऑफिसात मोठ्या मॅडमनी भिंगरीला कागदी कपांच्या कामावर टाकलं, तेही अर्ध्या दिवसाचं. त्यांचा चेहरा तेव्हाही हलला नाही. ओढ्याकाठच्या त्या दिवसापासून ताई भिंगरीला फोनही करत नव्हती. टँकर गेला त्या सकाळी मात्र तिचा फोन आला, आणि भिंगरी धावतच गोठ्यावर पोहोचली. ओसरीवर दुधाचे कॅन भरून उभे होते.

"बघ," ताई म्हणाली. "आता एवढ्याचं काय करू? अंघोळ करू?"

भिंगरी कॅनभोवती फिरली. एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने.

"बसत नाहीसच ना कुठे?" ताईने एक कॅन उचलून तिच्या हातात दिला. "मग चालत सुट. तूच मोजलंस, तूच विक. आणि खोटं बोललीस तर तंगडं मोडीन."

अशी भिंगरी रोज सकाळी कॅन आणि माप घेऊन आसपासच्या गल्ल्यांतून हिंडू लागली. जिने चढायची, उतरायची, पुन्हा चढायची. तिच्या पायांना एवढं काम आजवर कुणी दिलं नव्हतं. काही दारं उघडायची, काही उघडून मिटायची. एका दारात एक बाई पातेलं घेऊन आली, तिच्या दुसऱ्या हातात अर्धा विंचरलेला मुलीचा शेपटा होता आणि शेपट्याला मुलगी होती.

"दूध चांगलं आहे ना?" बाईने विचारलं.

"दूध चांगलं आहे," भिंगरी म्हणाली. "पण त्याचा आकडा डेअरीच्या रेषेच्या वर आहे. कारण आमच्या गोठ्यात निवृत्त गायी आहेत, त्या दूध देत नाहीत पण ढेकर देतात, आणि ते ढेकर सगळे या दुधावर येतात. खड्डा झाकल्यामुळे थोडा फरक पडलाय. किती ते सांगू का?"

बाईने तिच्याकडे बघितलं, मग शेपट्याकडे, मग घड्याळाकडे.

"उद्या सांग," ती म्हणाली, आणि पातेलं पुढे केलं.